पपनस बंद

लालबाग, मुंबई
१७ सप्टेंबर २०००

ती. वन्संना शेवंतीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमच्या वाडीतला रघू शिवडीच्या गोदामात कामावर जायच्या आधी तुमचं पोतं दारात टाकून गेला. गणपतीवरच्या माटवीला टांगलेली पपनसं वेगळी आणि झाडावरची वेगळी, असा निरोप तुम्ही त्याच्याकडे दिला होतात म्हणे. पोत्यात सगळी एक झाली. तुमच्या भावानं मात्र एकेक हुंगून गणपतीची कुठली ते ओळखलं, निदान ओळखल्याचं सोंग तरी झकास केलं. यंदा गणपतीला गावच्या गाडीत बसू दिलं नाही म्हणून माझ्यावर धरलेला राग त्या पोत्याबरोबर निम्मा उतरला. उरलेला जेवणावर निघतो.

जेवणाचं काय सांगू! जूनमध्ये हे छातीत दुखून इस्पितळात राहून आले तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी तेल मोजून, खोबरं बेतानं, आणि रात्री झोपताना चरबी कमी करायची एक गोळी लावून दिली आहे. आता खानावळीत माझ्याकडे सहा माणसं जेवतात, सगळी जुनी मिलवाली. मी एकटी दोन-दोन कालवणं कुठे करत बसू? सगळ्यांनाच कमी तेलाचं वाढते. त्यातले कुशाबा म्हणाले, आजार जयवंताला आणि पथ्य आम्हाला, हा कुठला न्याय. पण पानात काही टाकत नाहीत.

संध्याकाळचं ठीक आहे. हिंदमाताच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या घालून सातला येतात, हातपाय धुऊन पाटावर बसतात, आणि मग तुम्ही सवय लावून दिलेलं ताट: पपनस, मीठ, लाल तिखट. नऊ वर्षं झाली, या वेळेला बाटलीच्या जागी हे ताट आहे, आणि तरी सात वाजले की माझा जीव दारात असतो. त्यात गणपती ते दसरा हा काळ वाईट, तो तुम्हाला ठाऊक आहे. मिल चालू होती तेव्हा दसऱ्याला हे आपल्या मागाला हार घालायचे, खात्यात पेढे वाटायचे. संपानंतर ह्यांना कोणी परत घेतलं नाही, हार घालायला माग उरला नाही, आणि तेव्हापासून दसरा जवळ आला की ह्यांचे पाय भलतीकडे वळायचे. पोतं वेळेवर आलं हे फार बरं झालं.

एक बारीकशी काळजी आहे. मांड्या भरून येतात म्हणतात. जिना चढताना कठडा धरतात. दुकानात उभं राहून होत असेल. तुमच्याकडे काही उपाय असला तर कळवा.

लोभ पोत्याइतका जड असला तरी चालेल, आम्ही दोघं मिळून उचलू.

तुमची
शेवंती

*

तळेवाडी, ता. कुडाळ
२४ सप्टेंबर २०००

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद आणि त्या हट्टी माणसाला एक धपाटा. वि. वि.

तुझं पत्र आलं की मी आधी त्यात संध्याकाळ शोधते, आणि तू ती कालवणांच्या खाली पुरून ठेवतेस. यापुढे संध्याकाळ पहिल्या ओळीत लिहीत जा. कुशाबाचं पथ्य मागाहून कळलं तरी माझं काही अडत नाही.

गणपती यंदा मुका गेला. आरतीला जयवंताचा तो चुकीच्या सुरातला आवाज नव्हता. माटवीला पपनसं टांगताना मी त्याची आठवण काढून चार शिव्या घातल्या, मग बरं वाटलं.

उभं राहून त्याच्या मांड्या भरतात हे मला पटत नाही. मागावर अख्खी पाळी उभा राहिलेला माणूस तो, साड्यांच्या घड्यांनी काय होणार त्याला! मला वाटतं गोळीनं चरबी सुटत असेल आणि ती अंगातून निघताना त्रास देत असेल. तिळाचं तेल कोमट करून चोळ. आणि आंबटानं चरबी कापली जाते हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा एक नको, रोज दोन पपनसं दे. सकाळी रस काढून, संध्याकाळी नेहमीसारखं. गोळीला जोड मिळेल आणि लवकर सुटेल बिचारा. रघू पुढच्या आठवड्यात गावाला येतोय, त्याच्याकडे आणखी देते. झाड यंदा वेड्यासारखं लागलंय.

दसऱ्याच्या दिवशी त्याला एकट्याला सोडू नकोस. देवळात ने, बाजारात ने, नाहीतर लसूण सोलायला बसव.

माया कमी पडली तर सांग, इथे भरपूर आहे.

तुझी
आक्का

*

लालबाग, मुंबई
४ ऑक्टोबर २०००

ती. वन्संना शेवंतीचा नमस्कार. वि. वि.

संध्याकाळ पहिल्या ओळीत लिही म्हणालात म्हणून लिहिते. आज संध्याकाळी हे परळच्या इस्पितळात आहेत. शुद्धीत आहेत, बोलतात, घाबरू नका.

रविवारी सकाळी पाटावरून उठायला गेले आणि उठताच येईना. आधी मला वाटलं मस्करी करतात. मग चेहरा बघितला. मोरीत गेले तर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. कुशाबा आणि शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून तिन्ही जिने उतरवलं. हे वर कुशाबांना म्हणतात, वरात निघाली माझी, बाजा कुठाय. मला हसू येईना, वन्सं.

डॉक्टरीणबाई त्याच, जूनमधल्या. त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं औषध घेतलं का, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या घेतल्या का, दारू घेता का, काय काय खाता. जेवणाचं विचारल्यावर मला कंठ फुटला. तेल कसं मोजते ते सांगितलं, खोबरं कसं कमी केलं ते सांगितलं, आणि वर मोठ्या दिमाखात सांगितलं की रोज दोन पपनसं देते, घरच्या झाडाची. बाई लिहायच्या थांबल्या. किती दिवसांपासून, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्यांनी समजावलं ते असं. पोटात गेलेली गोळी शरीर मोडून मोडून बाहेर टाकत असतं. पपनसात असं काही असतं की ते मोडायचं कामच अडतं. मग रोजची एक गोळी अंगात कितीतरी गोळ्यांइतकी साचत जाते. सगळ्यांनाच असं होत नाही, पण ज्याला होतं त्याचे स्नायू झिजायला लागतात, आणि त्याचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. म्हणून लघवी काळी. मी विचारलं, सकाळी फळ आणि रात्री गोळी असं अंतर ठेवलं तर? नाही म्हणाल्या, फळाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, अंतराचा उपयोग नाही. लिंबू चालेल, कोकम चालेल, मोसंबी चालेल. पपनसाची एक फोडसुद्धा नको. गोळीही वाईट नाही आणि फळही वाईट नाही, पण दोन्ही एका पोटात नकोत. आणि अंग दुखलं त्याच दिवशी यायला हवं होतं, तेल चोळत बसायचं नव्हतं, असंही बोलल्या. मान खाली घालून ऐकून घेतलं.

गोळी तूर्त बंद केली आहे. सलाईनवर सलाईन चालू आहे. मूत्रपिंडाचं चार दिवसांत कळेल म्हणतात.

दोन दे असं तुम्ही लिहिलंत आणि मी दिली. तुमच्यावर राग नाही, देणारा हात माझा होता. खरं सांगू, थोडा राग आहे, पण तो कोणावर काढायचा ते कळत नाही. आता पोतं पाठवू नका. पपनस बंद. त्या ताटावर आमचं काय काय टिकून आहे ते बाईंना ठाऊक नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर ह्यांनी डोळे वटारले. शनिवारी दसरा आहे.

देवाला सांगा. पत्राला उत्तर लगेच टाका, तेवढाच आधार.

शेवंती

*

तळेवाडी
१० ऑक्टोबर २०००

चि. शेवंती, आशीर्वाद. वि. वि. काही सुचत नाही.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं ते मी पडवीत उभ्यानं वाचलं आणि तिथेच बसले. तू राग लिहिलास ते बरं केलंस. नसता लिहिलास तर मला जास्त लागलं असतं. ज्याला मी अंगाखांद्यावर वाढवला त्याला मीच दोन दे म्हणून सांगितलं. रात्रभर हेच डोक्यात फिरतं.

काल रामू सुताराला बोलावलं आणि झाड तोड म्हटलं. तो म्हणाला, एवढं लगडलेलं झाड तोडायला माझा हात उठत नाही, फळं उतरली की बघू. मी त्याला हाकलून दिला. मग चूक कळली, पण परत बोलावला नाही. झाडाखाली फळं पडताहेत आणि मी उचलत नाही.

झाडाचं जाऊ दे. दसरा कसा गेला? त्याचं मूत्रपिंड काय म्हणतं? आणि घरी आला की सात वाजता काय करतो? या तिन्हींची उत्तरं पाठव, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

रागासकट माझीच आहेस.

आक्का

*

लालबाग, मुंबई
२२ ऑक्टोबर २०००

ती. आक्काच्या पायांवर जयवंताचं डोकं. वि. वि.

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं मीच देतो, शेवंतीला खानावळीच्या भाजीला भायखळ्याला जायचं आहे. दसरा वॉर्डात गेला. तिथे प्यायला फक्त सलाईन मिळतं, तेव्हा तुझा भाऊ अगदी सज्जनासारखा पडून होता. मूत्रपिंड शाबूत आहे. घरी येऊन आठवडा झाला. हळूहळू चालतो, जिना उतरतो, चढताना मध्ये एकदा बसतो. गोळी दिवाळीनंतर परत सुरू करणार, कमी ताकदीची, रक्त तपासून. पपनस मात्र नाही ते नाहीच.

झाड तोडलंस तर मी गावाला पाऊल टाकणार नाही. तू काय मुद्दाम केलंस? दोन दे म्हणालीस तेव्हा मीच खूश झालो होतो, सकाळीही मिळणार म्हणून.

राहिलं सात वाजता. आक्का, तुला खोटं लिहीत नाही, फार कठीण जातं. शेवंती कोकम सरबत देते, ते एका घोटात संपतं. मोसंबं सोलायला घेतलं की सोलून होतं. शेंगा फोडून पाहिल्या. पपनसाचं तसं नव्हतं गं. ती जाड साल, आतला पांढरा कापूस, मग एकेका फोडीची साल अशी काढायची की आतला दाणा फुटता कामा नये. मागावर तुटलेलं सूत सांधायची सवय असलेले हे हात, ते त्यात गुंतून जायचे. ताट रिकामं होईपर्यंत साडेआठ व्हायचे, आणि तोवर कुशाबा कोपऱ्यावर थांबून, वाट बघून, एकटाच गुत्त्यावर गेलेला असायचा. आता सातला बसतो आणि घड्याळाकडे बघतो. गॅलरीत येरझाऱ्या घालतो. शेजारीण म्हणते, भाऊ, तुम्ही पहारा देताय का? खाली कुशाबाचा खोकला ऐकू येतो. वाईट माणूस नाही तो, त्याला नुसती सोबत हवी असते. मलाही हवी असते हेच वाईट.

शेवंतीला यातलं निम्मंच सांगितलंय. ती तशीही झोपत नाही.

ओरडायचं असेल तर ओरड, पण पत्र टाकत जा.

तुझा
जयवंत

*

लालबाग, मुंबई
२६ नोव्हेंबर २०००

ती. वन्संना शेवंतीचा नमस्कार. वि. वि.

संध्याकाळ शांत आहे. बघा, पहिल्या ओळीत लिहिलं.

दिवाळीनंतर गोळी पुन्हा सुरू झाली. मी स्वतः रोज रात्री पाण्याच्या तांब्याबरोबर हातावर ठेवते. मला धाकधूक होती की परत मांड्या धरतील, पण छे, पाय अगदी मोकळे. काल भाजीची पिशवी घेऊन तीन जिने न थांबता चढले आणि वर येऊन माझ्याकडे असे बघायला लागले की जणू शर्यत जिंकली. मला एवढं बरं वाटलं की कुशाबांच्या पानात जास्तीचा बोंबील वाढला. सगळं टेन्शन गेलं म्हणा ना.

हल्ली घरी यायला साडेआठ होतात. लग्नसराई आहे, हिंदमाताला पाय ठेवायला जागा नसते, दुकान लवकर बंद होत नाही म्हणतात. पहिल्या दिवशी मी सातपासून दारातच उभी होते. दारात आले तशी मी मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला. ह्यांना ते कळलं. वन्सं, दारूचा वास नाही. रोज घेते, रोज नाही. हाताला कसलासा आंबटसर वास येतो तेवढाच. दुकानात सरबत देतात म्हणाले.

येरझाऱ्या थांबल्या, चिडचिड थांबली. तुम्हीही आता स्वतःला दोष देणं सोडा. मी तो राग कधीच खाली ठेवला.

पौषात या ना राहायला. खानावळीत सातवं पान तुमचं.

तुमची
शेवंती

*

तळेवाडी
४ डिसेंबर २०००

चि. जयवंतास, आशीर्वाद राखून ठेवला आहे. वि. वि.

हे पत्र रघूच्या हाती देते आणि तुझ्याच हातात दे म्हणून सांगते. शेवंतीला दाखवलेलं नाही, अजून.

शेवंतीचं पत्र आलं. वाचून मी आनंदानं उठले, चहा ठेवला, आणि चहा उकळता उकळता मला ते आंबट वासाचं पुन्हा आठवलं. कोणत्या कापडवाल्यानं नोकरांना रोज सरबत पाजलंय? दुसऱ्या दिवशी रघू गावाला आला. त्याला सहज विचारलं, आमचा जयवंत दिसतो का. तो भोळा. म्हणाला, दिसतो तर, भायखळ्याच्या बाजाराबाहेर संध्याकाळी बाकावर बसलेला असतो, मांडीवर कागद, कागदावर मीठ-तिखट, आणि शांतपणे पपनस सोलत असतो. त्यानं रघूलाही दोन फोडी दिल्या म्हणे.

जयवंता, मी सातवी शिकले, डॉक्टर नाही. पण एवढं मला कळतं. तुझ्या हातात रोज पपनस आहे आणि तुझ्या पायांत कळ नाही. मग गोळी कुठे आहे?

शेवंती ती तुझ्या हातावर ठेवते असं लिहिते. पुढचं तू लिही. खोटं लिहिलंस तरी मला कळेल, म्हणून टपाल वाया घालवू नकोस.

तुझी आक्का

*

लालबाग, मुंबई
११ डिसेंबर २०००

ती. आक्का, सा. न. वि. वि.

गोळी गॅलरीच्या पन्हाळीत जाते. जिभेखाली धरतो, पाणी पितो, शेवंती वळली की बाहेर जाऊन थुंकतो. पहिल्या रात्री लाज वाटली, आता हात-तोंड धुण्यासारखं झालंय.

तू चिडण्याआधी माझं ऐक. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी कुशाबाबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. गुत्त्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. कसा परत फिरलो मला सांगता येत नाही. तसाच चालत भायखळ्याला गेलो आणि हातगाडीवर पपनस दिसलं. सोलत बसलो आणि साडेआठ कधी वाजले ते कळलं नाही. त्या रात्री ठरवलं. दोन्ही एका पोटात नकोत म्हणतात ना, मग एक सोडायचं. मी गोळी सोडली.

डॉक्टरीणबाई सांगतात, गोळी नाही घेतली तर छातीचं दुखणं परत येऊ शकतं. येऊ शकतं, कधीतरी. बाटली तर रोज सात वाजता येते, आक्का. दुखण्यानं मेलो तर शेवंती रडेल. पण बाटलीनं ती जिवंतपणी कशी झाली होती ते तुला ठाऊक आहे. रस्त्यातून मला उचलून आणताना तिचा पदर सुटलेला असायचा आणि वरच्या गॅलरीत माणसं उभी असायची. ते तिला परत बघायला लावणार नाही. मरायचं तर शुद्धीत मरेन. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

परवा जिन्यात छाती जराशी आवळली. बसलो, गेली. शेवंतीला सांगू नकोस, तुला हात जोडतो.

माझ्यावर चिडून राहा हवं तर, पण माझीच राहा.

जयवंत

*

तळेवाडी
१७ डिसेंबर २०००

चि. जयवंत आणि चि. सौ. शेवंती यांस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र शेवंतीनं मोठ्यानं वाचायचं आणि जयवंतानं समोर बसून ऐकायचं. तो उठून गॅलरीत गेला तर दाराला कडी घाल.

शेवंती, हा गोळी थुंकतो. दिवाळीपासून एकही पोटात गेलेली नाही. संध्याकाळी दुकानात नसतो, भायखळ्याला बसून पपनस खातो. परवा जिन्यात त्याची छाती आवळली होती. दारूला शिवलेला नाही, आणि हे सगळं तेवढ्यासाठीच केलंय. त्यानं हात जोडून सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. तो मला शिव्या देईल, देऊ दे. तू मात्र रडून झाल्यावर त्याला मारू नकोस, मी येईपर्यंत थांब.

आता जयवंता. तुझा सौदा मी वाचला. दोन मरणांतलं एक निवडायला तुला कोणी सांगितलं होतं? हे पत्र मिळेल त्याच दिवशी शेवंतीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जा. छातीचं सांग, थुंकल्याचं सांग, आणि पपनस का सुटत नाही तेही सांग. त्या बाईनं तुला दोनदा उभं केलं आणि तू तिच्यापासून नेमकी हीच गोष्ट लपवलीस. मी कुडाळच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, पपनसाशी न भांडणाऱ्या गोळ्याही असतात, पण कोणाला कुठली द्यायची ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरनंच ठरवायचं, आपण मनानं बदलायची नाही. तू तोंड उघडलं असतंस तर त्या बाईंनी तेव्हाच विचार केला असता. त्या ठरवतील ते ठरवतील. तोवर सांगतील ती गोळी पोटात जायची, आणि पपनस नाही.

आणि सात वाजता मी आहे. गाय रामूकडे बांधली. झाडावरची फळं उतरवून वाडीत वाटून टाकली. गुरुवारी रघूबरोबर येते. संपाआधी मुंबई पाहिली त्यानंतर पाहिली नाही, पण तुमचा जिना मला चढता येईल. रोज संध्याकाळी दोन पाट समोरासमोर मांडायचे. मी उपदेश करणार नाही, तुला बोलायचं नसेल तर गप्प बसू. रात्री गोळी माझ्या देखत घ्यायची आणि तोंड उघडून दाखवायचं, लहानपणी एरंडेल घेतल्यावर दाखवायचास तसं.

बसवेना झालं तर ऊठ. मी हात धरणार नाही. कुशाबानं हाक मारली तर जा. पण मी तुझ्याबरोबर येणार. कोपऱ्यावर थांबलास तर कोपऱ्यावर थांबणार, आणि पायरी चढलास तर मीही चढून आत येणार, बाकावर तुझ्या शेजारी बसणार, आणि तुझ्यासमोर जेवढे ग्लास येतील तेवढेच माझ्यासमोर ठेवायला सांगणार. म्हातारी विधवा बहीण गुत्त्यात बसलेली लालबागनं अजून पाहिली नसेल. तुला दाखवायची असेल तर दाखव.

बाकी माया समक्ष.

आक्का